बांदवाडीच्या बायका पाण्यात उतरल्या

११ फेब्रुवारी

पतपेढीची डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती. आज पहिलं पान लिहितेय, कारण आज मी एक गोष्ट ठरवली आणि घरात सांगायचं धाडस झालं नाही. मी पोहायला शिकणार आहे.

वय चव्वेचाळीस. खारव्याची मुलगी, खारव्याची सून. माहेर खाडीपलीकडं, सासर अलीकडं, पूर्णगडच्या आतल्या अंगाला, बांदवाडीत. जन्म सगळा पाण्याच्या कडेला गेला आणि कमरेच्या वर पाण्यात कधी उतरले नाही. आमच्यातल्या बायका होडीतून टोपल्या उतरवायला गुडघाभर जातात, पावसच्या बाजारात मासे विकतात, घरी येतात. पोहणं पुरुषांचं काम.

गेल्या श्रावणात पुरुष माणसं समुद्रावर होती. वरून पावसाचं पाणी आणि खालून उधाण, दोन्ही एकदम आली. आनंदीबाईंचं घर वाडीत सगळ्यांत खाली. ऐंशीची म्हातारी, एकटी. टेबलावर चढून हाका मारत होती, "नम्रता, ये गो! ये गो बाय!" आमच्या दोघींच्या मध्ये फक्त रस्ता, पण रस्त्यावर गळ्याएवढं पाणी. मी ओट्याचा खांब धरून उभी. ओहोटी लागली तेव्हा पाणी उतरलं. त्यांना काही झालं नाही, मलाही कुणी बोल लावला नाही. पण ती हाक मात्र अजून ऐकू येते.

आज नळावर राही बोलता बोलता बोलून गेली की लहानपणी ती नदीच्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, दिवसभर पोहायची. राही ही आमच्या शेजारच्या दीपेशची बायको. माहेर देवरूखच्या वरच्या अंगाला, पार डोंगरात. लग्न होऊन आली तेव्हा तिला बांगडा आणि तारलीतला फरक कळत नव्हता.

"वहिनी, तुमी तर दर्याकाठच्या. तुमाला येतच असंल," ती म्हणाली.

"मला शिकव," मी म्हणाले. तोंडातून कसं निघालं कळलंच नाही.

१३ फेब्रुवारी

जेवताना ह्यांना सांगितलं. घास हातातच राहिला.

"कोण शिकवणार?"

"राही."

"ती डोंगरातली? खारव्यांच्या बायकांना डोंगरातली बाय पोहायला शिकवणार! बंदरावर लोक हसतील."

"मग तुमी शिकवा."

मला वाटलं, खूश होतील. तीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस, बायको म्हणतेय शिकवा. पण हे ताट अर्धं टाकून उठले. "मला येळ नाय. इंजिन उघडून ठेवलंय."

इंजिन परवाच जोडून झालं होतं. लोकांच्या हसण्याची एवढी भीती ह्यांना कधीपासून वाटायला लागली?

१९ फेब्रुवारी

पहिला दिवस! मी, शेजारची योगिनी आणि तिच्या दोन जावा. भरती पुरती भरली की पाणी घटकाभर ठरतं, ना आत ना बाहेर, तेव्हाच शिकायचं असं राहीनं सांगितलंय. भरती रोज पुढं सरकते, म्हणून आमच्या शाळेची वेळही रोज पुढं सरकणार. आज दुपार होती. उन्हानं टाळकं तापलेलं, पाणी मात्र छान गार.

काय घालायचं यावरच आठवडा गेला होता. शेवटी गाउन घालून उतरलो. पाण्यात गेल्यावर गाउनमध्ये हवा भरली आणि योगिनी एवढी मोठी घुमटासारखी फुगली. "अगो, मी उडत चाललंय!" म्हणून ओरडायला लागली. हसून हसून आमच्या पोटात दुखलं. पोहणं बाजूलाच राहिलं. उद्यापासून लेकींच्या जुन्या पंजाबी ड्रेसमध्ये.

राहीनं सोडणासकटचे, म्हणजे वरच्या काथ्यासकटचे, दोन सुके नारळ दोरीनं जोडून माझ्या पोटाखाली बांधले. स्वतः ती पाण्यात अशी शिरली की आवाजसुद्धा झाला नाही. मग हसत वर आली. "वहिनी, हितलं पाणीच माणसाला उचलतं. खारट ना! आमच्या कोंडीत जीव काढावा लागायचा."

हे खाडीत थोड्या अंतरावर होडीत बसून जाळं सांधत होते. मुद्दाम तिथंच. कुणी बाप्या माणूस इकडं फिरकू नये म्हणून पहारा असणार. मला जरा रागच आला. स्वतः शिकवायचं नाही आणि नजर मात्र ठेवायची.

२२ फेब्रुवारी

नाकात पाणी, कानात पाणी. हात उचलवत नाहीत. आज एवढंच.

१५ मार्च

शिमग्यात शाळा बंद होती. पालखी घरोघर नाचली, दीपेश मुंबईहून आला आणि गेला. आज पुन्हा उतरलो.

आणि आज मी तरंगले!

राहीनं नारळ काढून घेतले. पाठीवर झोपवलं, मानेखाली हात ठेवला. "वहिनी, डोकं मागं सोडा. तुमी मान ताठ धरताव म्हणून पाय बुडतात. कशाला धरून ठेवताव? सोडा." मी डोकं सोडलं. कान पाण्याखाली गेले, जगाचा आवाज बंद झाला. वर नुसतं आभाळ आणि एक घार. किती वेळ गेला माहीत नाही. चव्वेचाळीस वर्षांत मी इतकी हलकी कधी झाले नव्हते, बाळंतपणानंतरसुद्धा नाही.

उठून बघते तर हे होडीत उभे राहिले होते. हातात वल्हं, चेहरा कसातरी. मी हात हलवला तर खाली बसले आणि जाळ्यात डोकं घातलं.

२८ मार्च

एवढं ऊन मार्चमध्ये कधीच नसायचं. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. ऋतिका कॉलेजातून आली ती थेट माठाकडे. ऋतिका माझी लेक, रत्नागिरीला शिकते, एसटीनं ये-जा करते.

मी तिला सहज विचारलं, "हे पाणी आताच का गो वाडीत यायला लागलं? आधी नव्हतं येत."

चुलीवर दूध होतं. ती म्हणाली, "आई, दूध तापलं की वर का येतं?"

"उतू जातं म्हणून."

"दूध सायीमुळं उतू जातं, ते वेगळं. पण कुठलंही पाणी तापलं की थोडं फुगतं. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जो धूर झालाय, त्यातला न दिसणारा वायू पृथ्वीवर गोधडीसारखा बसलाय. उष्णता बाहेर जात नाही. त्यातली सगळ्यांत जास्त समुद्रानं पोटात घेतली. तो तापला आणि फुगला. शिवाय डोंगरावरचं बर्फ वितळून त्यात येतंय. आणि तापलेल्या समुद्रावरून वाफ जास्त निघते, म्हणून पाऊस पडला की एकदम कोसळतो."

सासूबाई पडवीत लसूण सोलत होत्या. त्यांचं नाव धोंडूबाई, आणि वाडीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. मला वाटलं आता म्हणणार, देवाची करणी. पण त्या म्हणाल्या, "पोरगी बोलते ता खरा. मी लग्न होऊन आले तेव्हा मोठं उधाण मारुतीच्या खालच्या पायरीला लागायचं. तेवढंच. आता देवळात शिरतं."

"मग आम्ही काय करायचं?" मी विचारलं. "समुद्र काय फुंकर घालून थंड करायचा?"

ऋतिकाला राग येईल वाटलं, पण ती हसली. "दोन कामं आहेत आई. आणखी तापू नये म्हणून जाळायचं कमी करायचं, ते सगळ्या जगानं करायचंय, त्यात आपणही. आणि जे आधीच तापून झालंय त्याच्याबरोबर राहायची तयारी करायची. तू पोहायला शिकतेस ना, ती तयारीच."

मला आपलं वाटत होतं, मी घाबरट आहे म्हणून शिकतेय.

६ एप्रिल

आज पाण्यातच भांडण झालं. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभ्या आणि राही म्हणाली, "तुमी त्या कडेची झाडं जळणाला का तोडताव? तीच तर पाण्याला अडवतात." ती खाडीकडेची तिवरं. आंघोळीचं पाणी तापवायला सगळी वाडी तीच तोडते. तोडायला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत, पण फांदी-फांदी करत बांधासमोर मोठं खिंडार पडलंय. उधाणाचं पाणी तिथूनच थेट बांधावर आपटतं.

योगिनी भडकली. "तू सांगणार आमाला? चार पावसाळे नाय झाले तुला हितं येऊन. आणि पोरांना काय थंड पाण्यानं घालू आंघोळ?"

राहीनं तोंड फिरवलं. तिचे डोळे भरले की खारं पाणी उडालं, कळलं नाही. मी मध्ये पडले नाही, खरं म्हणजे पडायला हवं होतं. पण मलाही जळण लागतं.

१० एप्रिल

राहीनं आम्हां सगळ्यांना घरी बोलावलं. शिमग्याला आला तेव्हा दीपेशनं तिच्या छपरावर काळ्या पाइपचं वेटोळं बसवून दिलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. वरच्या टाकीतून पाणी पाइपात उतरतं, उन्हानं तापतं, खाली नळ. योगिनीनं नळाखाली हात धरला आणि "मेले!" म्हणून मागं घेतला, एवढं कढत.

"भांडण झालं तेव्हा बोलली का नाय?" योगिनीनं विचारलं.

"तुमी आधी चिडलाव होताव," राही म्हणाली.

योगिनीनं तिथल्या तिथं दीपेशला फोन लावून पाइप कुठं मिळतो ते विचारलं. पावसाळ्यात हे चालणार नाही, तेव्हा जळण लागणारच. पण ते परसातल्या नारळाच्या झावळ्यांवर भागवू, तिवराला हात लावायचा नाही, असं ठरलं. आठ महिने तरी आंघोळीसाठी चूल पेटवायला नको. सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी आमच्या छपराकडं बोट दाखवलं.

२ मे

काल ग्रामसभा होती. आम्ही बारा जणी गेलो. कधी नव्हे एवढ्या बायका बघून सरपंचांनी आधी चहाच मागवला.

विषय उघाडीचा. बांधाला जी दारं असतात, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी, ती आमची उघाडी. कित्येक वर्षं ती प्लास्टिकनं चोंदून अर्धवट उघडी राहिलीय. पाणी आत येतं, बाहेर जात नाही. मला बोलायला उभं केलं. पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग मनात म्हटलं, डोकं मागं सोड. आणि बोलले. काय बोलले आठवत नाही, पण लाकडी दार नवीन करायचं मंजूर झालं. कचरा काढायचं काम वाडीनं अंगावर घेतलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "बरं बोललीस." ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे नारळ फोडण्यासारखं.

१० मे

उघाडी साफ केली. चिखलात मांडीपर्यंत. पिशव्या, बाटल्या, फाटकी जाळी, एक चप्पल, एक आख्खा स्टूल. हे पुरुषांना घेऊन आले आणि सगळ्यांत जास्त चिखल ह्यांनीच काढला. पण पाण्याच्या बाजूला मात्र एकदाही उतरले नाहीत, तिकडं दुसऱ्यांना पाठवलं. कंबर धरली असेल. संध्याकाळी सुतारानं नवं दार बसवलं. ओहोटीला ते आपलं आपण उघडलं आणि आतलं सडकं पाणी धो धो बाहेर गेलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाराला टाळ्या! आता हसू येतंय.

१८ मे

धक्क्यापासून ह्यांच्या होडीपर्यंत पोहत गेले. एकटी, नारळाशिवाय. होडीची कड धरली आणि म्हणाले, "या खाली! पाणी काय मस्त झालंय. मारा उडी!"

मागून योगिनी आणि सगळ्या ओरडायला लागल्या, "महिपतदादा, उडी मारा! महिपतदादा, उडी मारा!"

ह्यांनी वल्हं मारलं आणि निघूनच गेले. मी पाण्यात राहिले पाय मारत. एवढा कसला मान! बायकांबरोबर पाण्यात उतरलं तर काय खारवी धर्म बुडतो?

रात्रीच्या जेवणाला ऋतिका म्हणाली, "आई, बाबांना पोहताना तू कधी बघितलंयस?"

"मासा पोहायला शिकतो का कधी?" मी म्हणाले. काहीतरीच विचारते.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आमच्यात मुद्दाम शिकवीत नसत गो. माझे सासरे बोलायचे, भर समुद्रात बोट गेली तर पोहणारा नुसता तडफडतो. ज्याला येत नाय तो लवकर सुटतो." केवढं भयंकर. जुन्या माणसांचं बिचाऱ्यांचं नशीब. आता तसं काही राहिलं नाही हे बरं.

९ जून

पाऊस लागला. होड्या वर ओढल्या, शाळा बंद. खाडी लाल झालीय.

ऋतिकानं सगळ्यांच्या फोनवर गट केलाय. पावसाचा इशारा आणि मोठं उधाण एकाच दिवशी आलं तर काय करायचं ते ठरवून ठेवलंय: खालच्या घरातली माणसं सकाळीच उंचावरच्या गावच्या शाळेत न्यायची, पाणी यायची वाट बघायची नाही. राहीनं प्रत्येक घरी बूच घट्ट लावलेले दोन रिकामे कॅन आणि दोरी ठेवायला लावलीय. आणि एक गोष्ट आमच्याकडून पाठ करून घेतलीय: बुडणाऱ्याला मिठी मारायची नाही, कॅन पुढं ढकलायचा.

१५ जुलै

अंगावरचा चिखल धुऊन लिहायला बसले.

कालपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आज अमावास्येनंतरचं उधाण. सकाळी सातलाच ऋतिकाचा निरोप फिरला. आनंदीबाई कोंबड्यांशिवाय हलायला तयार नाहीत. "गेल्या साली मी राहिले ना जिती? मग?" शेवटी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर कोंबड्यांचा झाप, म्हणजे झाकणाची टोपली, दिला आणि योगिनी अन् मी खुर्ची उचलून निघालो. म्हातारी वरून आम्हांला रस्ता दाखवत होती, जसं काही पालखीतच बसलीय. राही सासूबाईंना आणि बाकीच्या म्हाताऱ्यांना घेऊन पुढं गेली होती.

अकराच्या सुमारास पाणी आलं. आलंच. बांध आहे, उघाडी आहे, तरी वरून आलं आणि चार घरांत शिरलं, त्यांत आमचंही. पण घरात माणूस कुणी नव्हतं.

मी आणि योगिनी कॅन आणि दोरी घेऊन परत खाली येत होतो, एवढ्यात योगिनी ओरडली, "दादा! दादा थयं शेतात!"

उघाडीच्या दारात ओंडका अडकला म्हणून हे एकटेच बांधावर गेले होते. ओंडका निघाला, पण बांधाची कड ढासळली आणि हे आतल्या बाजूला शेतात पडले. शेताचं तळंच झालेलं. हे मधल्या माडाला दोन्ही हातांनी कवटाळून होते. पाणी छातीच्या वर.

"या ना इकडं!" मी ओरडले. "ओढ नाय तिथं! चार हात मारा की आलात!"

ह्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा हाक मारली. पुन्हा नाही. ओठ पांढरे.

मी विचार केला नाही. दोरीचं टोक कमरेला, दुसरं योगिनीकडं, तिनं ते आंब्याला गुंडाळलं. दोन्ही कॅन पुढं धरून उतरले. पाणी गढूळ, तोंडात चिखल, पायाला काय काय लागत होतं. राही जवळ नव्हती, पण तिचाच आवाज कानात होता. माडापासून हातभर लांब थांबले आणि कॅन ढकलला.

"ह्याला धरा. मला नाय. कॅनला."

ह्यांनी एक हात सोडायला किती वेळ लावला! मग दुसरा. कॅन पोटाशी असा धरला की जन्मात सोडणार नाहीत. योगिनी आणि धावत आलेल्या दोन बायकांनी ओढलं. बांधावर बसल्यावर हे म्हणाले, "पाय अडकला व्हता." एवढंच.

सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. योगिनी रडत होती आणि रडत रडत हसत होती. ओहोटी लागल्यावर उघाडीचं दार उघडलं आणि संध्याकाळच्या आत पाणी बाहेर गेलं. गेल्या वर्षी दोन दिवस तुंबलं होतं.

१७ जुलै

घर धुऊन झालं. ह्यांच्या पायाला हळद-चुना लावायला घेतला. सूज कुठं दिसेना. "कुठला पाय?" विचारलं तर डावा म्हणाले. डाव्याला लावून झाला तर लंगडत निघाले उजव्या पायावर. मुका मार असेल, आतून दुखत असेल. दोन्ही पायांना लावून ठेवला.

सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोराचा पाय दुखतोय आणि त्यांना हसू येतंय!

२ ऑगस्ट

कांदळाच्या शेंगा लावल्या, तेही तिवरासारखंच खाडीतलं झाड. वीतभर लांब, टोकदार. चिखलात खुपसली की आपलं आपण झाड. खिंडारात ओळीनं लावत गेलो, अख्खी वाडी. मनात येत होतं, ही झाडं वाढायला वर्षं जाणार, आणि समुद्र काही आमच्यासाठी थांबत नाही. ऋतिकाला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "थांबणार नाही, पण हळू येईल. आणि हळू येणं म्हणजे खूप काही असतं, आई."

आनंदीबाई छत्री घेऊन बांधावर उभ्या होत्या. "माझ्या घरासमोर दोन ओळी जास्त लावा गो. मी लवकर मरायची नाय."

योगिनीनं सगळ्यांत आधी त्यांच्या समोरच्या ओळी लावल्या. राहीला आता ती "बाई" म्हणते. राहीबाई. आणि पलीकडच्या गावातून निरोप आलाय, तिकडच्या बायकांनाही शिकायचंय.

१८ नोव्हेंबर

पाणी निवळलंय. भरती सकाळी, लहानशी, तळ्यासारखी शांत. काल हे म्हणाले, "उद्या लवकर येशील काय धक्क्यावर? एकटीच ये."

गेले. हे चड्डीवर उभे, इकडंतिकडं बघत. मला वाटलं, होडीला काही झालं.

"मला येत नाय," हे म्हणाले.

"काय येत नाय?"

ह्यांनी पाण्याकडं मान केली.

मग इंजिन आठवलं, कंबर आठवली, दोन्ही पायांचा हळद-चुना आठवला आणि मला असं हसू फुटलं की धक्क्यावर खालीच बसले. हे आधी चिडले, मग तेही हसायला लागले.

"तीस वर्षं?" मी विचारलं. "रोज भीती वाटायची?"

"रोज नाय. हलली होडी की."

हसू थांबलं माझं. हा माणूस रोज पहाटे समुद्रावर जायचा, मी डबा द्यायचे, आणि हे मला माहीत नव्हतं.

"आणि आमी शिकत होतो तेव्हा होडीत बसायचात तो पहारा नव्हता?"

"तू बुडालीस तर वल्हं तरी पुढं करावं म्हणून बसायचो. नायच पोचलं तर उडी मारली असती."

"तुमाला येत नसताना? मग काय झालं असतं?"

ह्यांनी विचार केला. "मग राहीला दोघांना काढावं लागलं असतं."

हात धरून पाण्यात उतरवलं. छातीएवढं पाणी आल्यावर थांबले. पाठीवर झोपायला तयार होईनात, मान ताठ, जबडा आवळलेला. मी म्हटलं, आज तरंगणं नको. नुसतं नाक धरा, तोंड पाण्यात घाला आणि डोळे उघडा. बघा कसं वाटतं.

तेवढ्यात धक्क्यावर योगिनी आणि बाकीच्या येऊन उभ्या राहिल्या. ह्यांनी त्यांना बघितलं. मला वाटलं, आता पळतात. पण हे पळाले नाहीत. नाक धरलं आणि खाली गेले.

वर आले तेव्हा मिशीतून पाणी गळत होतं, डोळे लाल. धापा टाकत माझा हात घट्ट धरून म्हणाले, "आत सगळं हिरवं हाय गो. ऊन पार खालपर्यंत जातं. बारकी मासळी कशी चमकत जाते... इतकी वर्षं ह्यातनं मासे काढतोय, आत कधी बघितलंच नव्हतं."

आणि मी काही बोलायच्या आत पुन्हा खाली गेले.